अर्धा खर्च सरकार देतं, मग फॅब चालेलच का?

भोसरीच्या एका कारखानदारांनी विचारलं आहे: "माझा चाळीस माणसांचा मशीनिंगचा कारखाना आहे. नवी व्हीएमसी (धातू कापायचं संगणकीय मशीन) घ्यायची तर बँक घर तारण मागते. आणि धोलेऱ्याच्या चिप कारखान्याला केंद्र सरकार निम्मा खर्च देतं, वर राज्य सरकार आणखी देतं. एवढं देऊन हा उद्योग खरंच उभा राहील, की आधीच्या घोषणांसारखा हाही विरून जाईल? आणि आमच्यासारख्यांच्या वाट्याला यातलं काही काम येईल का?"

तुमची चीड रास्त आहे, म्हणून घाईघाईचं उत्तर देत नाही. मी १९९९ साली पुण्यातून इलेक्ट्रॉनिक्स करून सिंगापूरला गेले. तिथल्या फॅबमध्ये, म्हणजे चिप बनवण्याच्या कारखान्यात, पंधरा वर्षं काढली, आधी एचिंगवर (चिपवरचा नको तो थर खरवडून काढण्याच्या कामावर) आणि नंतर खर्चाच्या नियोजनात. परत आल्यापासून कर्ज देणाऱ्या संस्थांसाठी अशा प्रकल्पांची तांत्रिक छाननी करते. त्या अनुभवातून सांगते: "सरकारनं पैसे द्यावेत की नाही" यावर वाद घालण्यात फार अर्थ नाही. ज्या ज्या देशात आज चिप बनतात, तिथे कुठल्या ना कुठल्या रूपात सरकारनं पैसे दिले आहेत. विचारायचं ते हे, की दिलेल्या पैशानं कोणती अडचण सुटते आणि कोणती जशीच्या तशी राहते.

हिशेब तुमच्याच पद्धतीनं मांडते. व्हीएमसी घेतली की तुम्ही तिचा अवर रेट, म्हणजे तासाचा दर काढता: मशीनची किंमत, व्याज, घसारा, वीज, ऑपरेटर, आणि महिन्याला ती किती तास चालणार. यातला शेवटचा आकडा चुकला की सगळंच चुकतं. दोन शिफ्ट धरून रेट काढला आणि काम एकाच शिफ्टचं आलं, तर बँकेचा हप्ता काही अर्धा होत नाही. फॅबचं गणित हेच आहे, फक्त त्यात मशीनचा वाटा इतका मोठा असतो की मजुरी, वीज, जागा हे सगळं त्यापुढे किरकोळ वाटायला लागतं.

गुजरातेतल्या धोलेऱ्याचाच प्रकल्प घ्या. टाटा इलेक्ट्रॉनिक्सच्या या फॅबला तैवानची पीएसएमसी तंत्रज्ञान देते आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मंत्रिमंडळानं त्याला मंजुरी दिली. खर्च सुमारे ९१,००० कोटी रुपये, क्षमता महिन्याला ५०,००० वेफर (सिलिकॉनची गोल चकती, जिच्यावर चिप बनतात), म्हणजे वर्षाला ६ लाख. तंत्रज्ञान २८ ते ११० नॅनोमीटरचं; हा आकडा जितका लहान, तितकी चिप बारीक. पुढचा आकडा कंपनीचा नाही, माझा ढोबळ अंदाज आहे: समजा यातले ७०,००० कोटी यंत्रांत गेले. या धंद्यात यंत्रांचा घसारा साधारण पाच वर्षांत धरतात, म्हणजे वर्षाला १४,००० कोटी. ६ लाख वेफरांवर वाटले तर एका वेफरमागे २ लाख ३३ हजार रुपये होतात. हा नुसता घसारा झाला. रसायनं, वायू, वीज, पगार, व्याज अजून यायचंय. आणि २८ नॅनोमीटरच्या तयार वेफरला बाजारात साधारण अडीच ते तीन हजार डॉलर भाव मिळतो, ११० नॅनोमीटरच्या वेफरला त्याहून बराच कमी. म्हणजे सगळ्यात महाग मालाचा विक्रीचा भाव आणि एकटा घसारा जवळजवळ सारखेच.

तैवान-चीनमधल्या जुन्या फॅबची यंत्रं कधीच घसाऱ्यातून मोकळी झाली आहेत. त्यांच्या वेफरवर हा बोजाच नाही. बाजारभाव तेच ठरवणार, आणि नव्यानं उतरणाऱ्याला तोच भाव घ्यावा लागणार. स्वतःच्या पैशानं उतरला तर पहिली पाच वर्षंही तग धरणार नाही.

सरकारनं निम्मे पैसे दिले की हा बोजा वेफरमागे साधारण १ लाख १७ हजारांवर येतो आणि नवा फॅब निदान स्पर्धेत उभा राहतो. अनुदानामागचं सगळं तर्कशास्त्र एवढंच आहे. आता हेच गणित फॅब निम्मा रिकामा धरून करून बघा. वर्षाला ६ लाखांऐवजी ३ लाख वेफर निघाले, तर सरकारच्या मदतीनंतरचे ७,००० कोटी त्या ३ लाखांवर वाटले जाणार, आणि आकडा पुन्हा २ लाख ३३ हजार! सरकारनं निम्मं दिलं आणि ग्राहकांनीही निम्मंच काम दिलं, तर अनुदान आलंच नव्हतं असं समजा. गुजरातचं धोरण केंद्राच्या मदतीच्या ४० टक्के, म्हणजे प्रकल्पखर्चाच्या आणखी २० टक्के देतं. त्यानं श्वास घ्यायला थोडी जागा होते, पण गणिताचा स्वभाव बदलत नाही.

छाननी करताना म्हणूनच मी अनुदानाचं पान शेवटी उघडते. आधी बघते ते ग्राहकांचं पान.

मग आयातशुल्क लावून देशी चिपला संरक्षण का देत नाहीत, असं तुम्हाला वाटेल. ते करता येत नाही. १९९७ साली भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि २००५ पर्यंत चिपवरचं शुल्क शून्यावर आणलं. शिवाय शुल्क लावलं असतं तरी त्याचा मार मोबाइल, मोटारी, मीटर बनवणाऱ्या आपल्याच कारखान्यांवर बसला असता. तो रस्ता बंद, म्हणून थेट भांडवली मदत.

आता पैसे कसे मिळतात ते. चेक आधी हातात पडतो असा एक समज आहे, तो चुकीचा आहे. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रानं ७६,००० कोटींचा कार्यक्रम मंजूर केला. सुरुवातीला चिप जितकी बारीक तितकी मदत जास्त असा नियम होता. सप्टेंबर २०२२ मध्ये तो बदलून सगळ्या फॅबना सरसकट ५० टक्के केले, पॅकेजिंगच्या कारखान्यांनाही ५० टक्के केले. हा बदल मला पटला, कारण गाड्या, पंखे, मीटर, चार्जर यांत लागणाऱ्या बहुतांश चिप अतिबारीक नसतातच. २०२१ मध्ये चाकणच्या कंपन्यांनी चिपअभावी उत्पादन कमी केलं होतं, तेव्हा तुमच्याही ऑर्डरी लांबल्या असतील. तो तुटवडा मुख्यतः अशाच जुन्या धाटणीच्या चिपांचा होता. पैसे देण्याची रीत पारी-पासू, म्हणजे प्रवर्तक आणि सरकार बरोबरीनं. प्रवर्तकाचा रुपया पडला की त्या प्रमाणात सरकारचा पडतो. प्रवर्तक थांबला की सरकारही थांबतं.

मोबाइलच्या पीएलआय (उत्पादनाशी जोडलेलं प्रोत्साहन) योजनेची रीत उलटी होती: आधी माल विका, मग विक्रीवर चार-सहा टक्के घ्या. फॅबला ती लागू पडत नाही, कारण पहिला वेफर विकला जाण्याआधीच बहुतेक पैसा जमिनीत आणि यंत्रांत गेलेला असतो.

माझा आक्षेप इथेच आहे. आपली मदत बेतली आहे ती भांडवली खर्चावर. कारखाना उभा राहिला, यंत्रं बसली, की मदत कंपनीला मिळून जाते. पण वरच्या गणितात फॅब तरतो की बुडतो ते त्यानंतरच्या पाच वर्षांत ठरतं. माझ्या हातात असतं तर शेवटचा दहा-पंधरा टक्क्यांचा हप्ता रोखून धरला असता आणि फॅब सलग काही तिमाही क्षमतेचा ठरावीक वापर दाखवेल तेव्हाच दिला असता. अमेरिकेच्या २०२२ च्या चिप कायद्यात पैसे टप्प्याटप्प्यानं मिळतात आणि १५ कोटी डॉलरच्या वरची मदत घेणाऱ्यांकडून जास्तीच्या नफ्यात सरकारचा वाटा मागितला जातो. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये तर तिथल्या सरकारनं इंटेलच्या अनुदानाचं रूपांतर सुमारे १० टक्के भागभांडवलात करून घेतलं. ते योग्य की अयोग्य यावर मतं वेगळी असतील. तैवाननं मात्र १९८७ साली टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी उभारली तीच मुळात भागीदार म्हणून: सुमारे ४८ टक्के सरकारी निधीचे, साडेसत्तावीस टक्के फिलिप्सचे. जोखीम घेतली, त्याचा परतावाही सरकारला मिळाला.

सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण मला जपानच्या कुमामोतोचं वाटतं. टीएसएमसीच्या तिथल्या फॅबला जपान सरकारनं ४७६ अब्ज येनपर्यंत मदत जाहीर केली, किमान दहा वर्षं उत्पादन चालू ठेवण्याच्या अटीवर. एप्रिल २०२२ च्या सुमारास काम सुरू झालं, फेब्रुवारी २०२४ मध्ये उद्घाटन. लोक या वेगाचं कौतुक करतात. मला महत्त्वाची वाटते ती भागधारकांची यादी: सोनी आणि डेन्सो. सोनीला कॅमेरा सेन्सरसाठी चिप लागतात, डेन्सोला गाड्यांसाठी. म्हणजे ज्यांना माल घ्यायचा आहे त्यांचेच पैसे कारखान्यात अडकलेले. फॅब रिकामा राहिला तर त्यांचंही नुकसान, म्हणून ते काम आणतातच. तंत्रज्ञान देणारी टीएसएमसी स्वतः सगळ्यात मोठी मालक आहे. धोलेऱ्यात पीएसएमसी तंत्रज्ञान आणि मदत देऊन त्याची फी घेते, भांडवलाची जोखीम टाटांची आणि सरकारची. यानं प्रकल्प वाईट ठरत नाही, पण ग्राहक बांधून घेण्याचं काम टाटांवर एकट्यांवर येतं.

पैसे बुडाल्याची उदाहरणंही आहेत. चीनमध्ये वुहानला २०१७ साली एचएसएमसी नावाची कंपनी निघाली, १२८ अब्ज युआनच्या गुंतवणुकीची भाषा झाली, स्थानिक सरकारचे पैसे गेले, वेफरवर चिपची नक्षी छापणारं लिथोग्राफीचं मशीन आणलं आणि तेच गहाण टाकलं. एकही चिप न बनवता २०२१ मध्ये गाशा गुंडाळला. उलट जर्मनीत माग्डेबुर्गला इंटेलसाठी सुमारे १० अब्ज युरोचं अनुदान कबूल झालं होतं, पण २०२५ मध्ये इंटेलनं प्रकल्पच सोडला. बांधकामच न झाल्यानं कबूल केलेलं अनुदान तिजोरीत राहिलं. किती देता यापेक्षा कधी आणि कशावर देता, हे या दोन गावांमधलं अंतर आहे.

आपल्याकडच्या "आधीच्या घोषणा" म्हणताना एक दुरुस्ती करते. त्यांत पैसा फारसा बुडाला नाही, कारण तो दिलाच गेला नाही. २००७ च्या धोरणात सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) २० टक्के आणि बाहेर २५ टक्के मदत होती. वरचं गणित आठवा, एवढ्यानं नव्या फॅबचं भागत नाही, आणि कोणी आलंही नाही. २०१३-१४ मध्ये दोन गटांना मंजुरी मिळाली, एकात जेपी, आयबीएम आणि टॉवर, दुसऱ्यात एचएसएमसी (वुहानचं नव्हे, आपल्याकडची हिंदुस्तान सेमीकंडक्टर), एसटी मायक्रो आणि सिलटेरा. दोन्ही कागदावरच राहिले. वेळ गेली ती मात्र परत येणार नाही. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ साली उत्पादन सुरू झालं होतं, टीएसएमसीचा जन्म व्हायच्या आधी. १९८९ च्या आगीनं ते बसलं आणि नंतर संशोधन, अवकाश आणि संरक्षणाच्या कामापुरतं राहिलं. मी शिकत असताना आमच्या सरांच्या बोलण्यात मोहालीचं नाव आलं की त्यांचा आवाज बदलायचा. ते मी विसरलेले नाही.

आता अनुदानानं विकत न मिळणाऱ्या गोष्टीबद्दल, आणि इथे तुमच्या धंद्याशी गाठ पडते.

२००६ च्या सुमाराची गोष्ट. आमच्या फॅबमध्ये एचिंगच्या एका मशीनच्या क्लोरीन लाइनवरचं फिटिंग बदललं. नवा पुरवठादार, स्वस्त माल, मापाला अगदी बरोबर, मटेरियल सर्टिफिकेट चोख. फक्त आतला पृष्ठभाग नुसता पॉलिश केलेला होता, इलेक्ट्रोपॉलिश (विजेच्या आणि रसायनाच्या साहाय्यानं गुळगुळीत) केलेला नव्हता. तीन आठवड्यांनी त्या मशीनवरून गेलेल्या वेफरांचं यील्ड घसरायला लागलं. यील्ड म्हणजे वेफरवरच्या शंभर चिपांपैकी चांगल्या निघतात त्या. ओलाव्याचा अंश आणि क्लोरीन यांनी आतली त्वचा पोखरली होती आणि लोखंडाचे अतिसूक्ष्म कण वेफरवर बसत होते. कारण सापडायला नऊ दिवस लागले. तोवर अकरा लॉट गेले, प्रत्येकी पंचवीस वेफर. फिटिंग बदलायच्या कागदावर सही माझी होती. मापात पास झालेला पार्ट इतकं नुकसान करू शकतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

अशा शेकडो गोष्टी फॅब चालवणाऱ्यांच्या हातात मुरलेल्या असतात. त्या कोणी कागदावर लिहून देत नाही, आणि लिहून दिल्या तरी वाचून येत नाहीत. तैवाननं १९७६ साली अमेरिकेच्या आरसीएकडून तंत्रज्ञान घेतलं तेव्हा नुसते आराखडे आणले नाहीत, तरुण अभियंत्यांची तुकडी तिकडे पाठवून शिकवून आणली. पुढच्या दहा वर्षांत त्याच पिढीतून कंपन्या उभ्या राहिल्या. टाटांचे अभियंतेही आज पीएसएमसीकडे शिकायला जात आहेत. मला या प्रकल्पात सगळ्यात आशा वाटते ती याच गोष्टीची, पण त्याची फळं दोन वर्षांत मागू नका.

परिस्थितीनुसार उत्तर बदलतं, तेही सांगते. वरचं सगळं फॅबबद्दल आहे. पॅकेजिंग आणि टेस्टिंगचा कारखाना वेगळा. साणंदला मायक्रॉन करते आहे ते हेच: बाहेर तयार झालेल्या मेमरी चिप आणून त्यांची जुळणी आणि तपासणी. प्रकल्प २.७५ अब्ज डॉलरचा, त्यात मायक्रॉनचे ८२.५ कोटी डॉलरपर्यंत, बाकी ७० टक्के केंद्र आणि गुजरातचे. सरकारचा वाटा इतका मोठा का, ही टीका मला मान्य आहे. पण तिथे ग्राहकाचा प्रश्न नाही, मायक्रॉन स्वतःचाच माल भरते, म्हणून रिकामं राहण्याचा धोका कमी. आसाममध्ये जागीरोडला टाटांचा २७,००० कोटींचा पॅकेजिंग प्रकल्प आहे, तिथे रोजगार फॅबपेक्षा जास्त आणि चूक सुधारायची संधीही जास्त. जोखमीच्या क्रमानं लावायचं तर पॅकेजिंग आधी, फॅब नंतर असं मी सुचवलं असतं. सरकारनं दोन्ही एकदम घेतलं आहे.

शेती-शाळांचा पैसा इकडे वळतोय का, असं अनेक जण विचारतात. अंदाज यावा म्हणून: ७६,००० कोटी हे अनेक वर्षांचं मिळून आहेत, खतांचं अनुदान अलीकडे दर वर्षी दीड लाख कोटींच्या वर जातं. यावरून चिपचा खर्च आपोआप योग्य ठरत नाही. फक्त त्याचं माप कळतं.

महाराष्ट्राबद्दल थोडक्यात. सप्टेंबर २०२२ मध्ये वेदांता-फॉक्सकॉन तळेगावऐवजी गुजरातला गेल्यावर इथे बराच क्षोभ झाला. पण जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन त्या भागीदारीतून बाहेर पडली आणि तो १.५४ लाख कोटींचा प्रकल्प कुठेच झाला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्यानं पनवेलजवळ अदानी-टॉवरच्या ८३,९४७ कोटींच्या प्रस्तावाला हिरवा कंदील दाखवला, मात्र ऑगस्ट २०२५ पर्यंत केंद्रानं मंजूर केलेल्या १० प्रकल्पांत महाराष्ट्रातला एकही नव्हता. राज्याराज्यांत अनुदानाची चढाओढ लागली की फायदा कंपनीचा होतो. आपण त्या बोलीत न पडता पुरवठादार तयार करण्यात पैसा घातला असता, तर पुणे पट्ट्याला जास्त मिळालं असतं असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून शेवटी तुमचं काम. वेफरला हात लागणारे पार्ट लगेच मिळणार नाहीत. मशीन बनवणाऱ्या कंपन्या एकदा पास झालेला पुरवठादार सहजासहजी बदलत नाहीत, आणि माझी वरची गोष्ट वाचल्यावर त्याचं कारण कळेल. सुरुवात फॅबच्या खालच्या मजल्यावरून करा: पंपांचे फ्रेम आणि ब्रॅकेट, गॅस कॅबिनेट, स्क्रबरचे भाग, क्लीनरूमचे स्टेनलेस टेबल-ट्रॉली. तिथे चुकीची किंमत कमी असते आणि ऑडिटची सवय लागते. पुढचा टप्पा व्हॅक्यूम चेंबरची झाकणं आणि फ्लँज. त्यासाठी नव्या व्हीएमसीपेक्षा आधी स्वच्छतेवर खर्च करा: वेगळी बंद खोली, क्लोराइड नसलेलं कूलंट, अल्ट्रासॉनिक वॉश, दुहेरी पिशवीत पॅकिंग. सील बसायच्या जागेवर ओरखडा म्हणजे पार्ट बाद, हे ऑपरेटरच्या अंगी बाणायला सहा महिने लागतील. मार्च २०२५ मध्ये मंजूर झालेल्या २२,९१९ कोटींच्या इलेक्ट्रॉनिक घटक योजनेत उत्पादनाची यंत्रसामग्रीही येते. तुमच्या आकाराला किमान गुंतवणुकीची अट आड येते का ते सीएकडून तपासून घ्या, आणि राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेचंही एकदा बघून ठेवा.

मात्र केवळ धोलेऱ्याच्या भरवशावर कर्ज काढू नका. बातम्यांत भूमिपूजन आणि सामंजस्य करार सोडून तीन गोष्टी शोधत राहा: यंत्रं आत गेली का, पहिला वेफर कोणत्या ग्राहकाच्या डिझाइनचा निघाला, आणि त्याच ग्राहकानं दुसरी ऑर्डर दिली का. तिसरी बातमी येईपर्यंत हे काम तुमच्या उलाढालीच्या पाचव्या हिश्शाच्या वर जाऊ देऊ नका. तुमच्याकडे सध्या ३१६ एल स्टेनलेसचं काम होतं का, आणि हीलियम लीक टेस्ट तुम्ही स्वतः करता की बाहेरून करून घेता, हे कळवलंत तर कोणता पार्ट आधी घ्यावा ते जास्त नेमकं सांगू शकेन.